लवचीक कोणी व्हायचं : इमारतीनं की माणसानं?

नव्या घरात वाईट बोलू नये, वास्तुपुरुष सारखा तथास्तु म्हणत असतो, असं आपली वडीलधारी मंडळी सांगत आली. घराच्या बाबतीत हे ठीक आहे. घराकडून आपल्याला काय हवं असतं ते पिढ्यान्‌पिढ्या फारसं बदललेलं नाही. चूल, देव, अंथरूण आणि चार माणसं बसतील एवढी जागा मिळाली की झालं. पण कचेरी बांधणाऱ्यानं वास्तुपुरुषाकडे काय मागायचं? त्यातही ती कचेरी संगणक, दूरध्वनी, इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवणाऱ्या कारखानदाराची असेल तर? आपण दहा वर्षांनी काय बनवत असू हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. फिनलंडची नोकिया कंपनी कागदापासून सुरू झाली, रबरी बुटांवरून फिरत फिरत मोबाइल फोनपर्यंत आली. आयबीएमनं पंचकार्डांची यंत्रं विकली, टंकलेखन यंत्रं विकली, मोठे संगणक विकले, घरगुती संगणक विकले आणि तो घरगुती संगणकांचा धंदाच २००५ साली चिनी लेनोव्होला विकून टाकला. आपल्याकडेही लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकलीच्या दुकानापासून निघाले आणि कडबा कापण्याचं यंत्र, लोखंडी नांगर असं करत पुढे गेले. धंदा असा कूस बदलत राहतो. इमारत मात्र एकदा उभी राहिली की पन्नास-साठ वर्षं हलत नाही. यंत्राचं आयुष्य तीन-चार वर्षं, खात्याची रचना दोन वर्षं आणि सिमेंट-काँक्रीट साठ वर्षं, असा हा विजोड संसार आहे. तो सुखाचा कसा करायचा, हाच आधुनिक कचेरीच्या आराखड्याचा खरा प्रश्न.

या प्रश्नाचं मला फार आवडणारं एक उत्तर इंग्लंडमध्ये, पोर्टस्मथजवळच्या कोशॅम गावात मिळालं होतं. १९७० च्या सुमाराला आयबीएमला तिथे ब्रिटनमधल्या कारभारासाठी जागा हवी होती. कायमचं मुख्यालय व्हायला वेळ होता. तोवर तयार मिळणाऱ्या लाकडी खोल्या आणून मांडाव्यात आणि काही वर्षं भागवावं, असा कंपनीचा बेत होता. नॉर्मन फॉस्टर नावाचा पस्तिशीतला वास्तुरचनाकार त्यांना म्हणाला, तेवढ्याच पैशात आणि तेवढ्याच वेळात मी तुम्हाला एक नीट इमारत देतो. १९७१ साली ती उभी राहिली. एकच मजला, सपाट छप्पर, चारी बाजूंनी काच. वातानुकूलनाचे नळ आणि तारा छपराच्या पोकळीतून नेलेल्या आणि पोकळ खांबांतून खाली टेबलापर्यंत उतरवलेल्या. आतल्या भिंतींवर कसलाच भार नाही. आज खोली हवी तर भिंत उभी करा, उद्या नको तर काढा, छताला त्याचा पत्ताही लागायचा नाही.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. त्या काळात संगणक म्हणजे मोठं प्रस्थ. त्याला वेगळी जागा, वेगळी हवा, जमलं तर वेगळी इमारत. फॉस्टरनं संगणक, कारकुनांची टेबलं, साहेबांच्या खोल्या आणि उपाहारगृह एकाच छताखाली आणलं. आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना यातली गंमत चटकन कळेल. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर आमच्या बँकांत यंत्रं येऊ लागली, तेव्हा त्यांच्यासाठी काचेची थंडगार केबिन केली गेली आणि तिच्या दाराशी चपला काढाव्या लागत. ग्राहक बाहेर पंख्याखाली घाम पुसत उभा आणि आत संगणक गारव्यात. देवळाच्या गाभाऱ्यालाही इतकं सोवळं नसे. कोशॅमच्या त्या काचेच्या पेटीत मात्र माणूस आणि यंत्र एकाच हवेत नांदत होते. तात्पुरती म्हणून बांधलेली ती इमारत कंपनीनं पुढे टाकून दिली नाही. ती दुरुस्त करून ठेवून घेतली. ज्या इमारतीला वाकता येतं ती टिकते.

हे मी एवढ्या ठासून सांगतो, कारण बँकेतल्या माझ्या नोकरीची काही वर्षं शाखांच्या जागा बघणाऱ्या विभागात गेली. लोकांना वाटतं बँकेची शाखा म्हणजे काउंटर. आम्हाला ठाऊक असे की शाखा म्हणजे स्ट्राँगरूम. जाडजूड काँक्रीटच्या भिंती आणि आठ-दहा माणसांनीही न हलणारा पोलादी दरवाजा. ती एकदा बसली की बाकीची शाखा तिच्याभोवती घरच्या म्हाताऱ्यासारखी जपून वावरायची. कॅशियरचा पिंजरा तिच्याजवळ, लेजरांची कपाटं त्याच्यामागे, ग्राहक उरलेल्या जागेत. पुढे लेजरं गेली, संगणक टेबलावर आले, मग पैसे काढायचं यंत्र दाराबाहेर लागलं. पण स्ट्राँगरूम जिथल्या तिथे. शाखेचा नकाशा कामानं ठरत नसे, त्या न हलणाऱ्या खोलीनं ठरत असे.

त्या विभागात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. मुंबईच्या फोर्टातल्या इंग्रजांच्या काळच्या उंच छताच्या इमारतींत नवी यंत्रं सुखानं सामावून गेली. खाली तारा, वर वातानुकूलनाचे नळ, त्याखाली खोटं छत, आणि तरी डोक्यावर भरपूर जागा. उलट सत्तरीच्या दशकात इंच इंच वाचवून बांधलेल्या 'आधुनिक' इमारतींत नळ टाकून खोटं छत लावलं की उंच माणसाचा हात छताला लागे. बांधताना वाचवलेले दोन फूट पुढे प्रत्येक बदलाच्या वेळी व्याजासकट वसूल होत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कंत्राटदाराला संगणकाचं स्वप्नही पडलं नव्हतं. त्यानं फक्त थोडी उदारता दाखवली होती, आणि ती उदारताच पुढच्यांच्या कामी आली.

ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांनी हे शास्त्रशुद्ध मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की इमारत ही एक वस्तू नसतेच. वेगवेगळ्या आयुष्याचे थर एकावर एक रचलेले असतात. खांब आणि छप्पर पन्नास वर्षांचे. नळ, तारा, उद्‌वाहक पंधरा वर्षांचे. आतल्या भिंती, खोटी छतं पाच-सात वर्षांची. टेबल-खुर्च्या तर महिन्यामहिन्याला हलणाऱ्या. अमेरिकी लेखक स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या आपल्या 'हाउ बिल्डिंग्ज लर्न' या पुस्तकात हाच विचार पुढे नेला. शहाणपण एवढंच, की लवकर मरणारा थर उशिरा मरणाऱ्या थरात चिणू नये. वायर भिंतीत गाडली, तर वायर बदलायला भिंत फोडावी लागते. आपल्यापैकी प्रत्येकानं दिवाळीच्या तोंडावर घरात इलेक्ट्रिशियन बोलावून हा अनुभव घेतलेला आहे.

डफींच्या हिशेबाप्रमाणे पन्नास वर्षांत आतल्या बदलांवर होणारा खर्च मूळ बांधकामाच्या तिप्पट जातो. कर्जाचे प्रस्ताव वाचण्यात उमेद गेलेल्या माणसाला हा आकडा अस्वस्थ करतो. कारण प्रस्तावात बांधकामाचा खर्च ठळक अक्षरात एका ओळीत असतो. पुढचा तिप्पट खर्च दरवर्षीच्या 'दुरुस्ती व देखभाल' या सदरात मुंगीच्या पावलांनी येतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लवचीक इमारत सुरुवातीला थोडी महाग पडते म्हणून संचालक मंडळात नाकारली जाते, तेव्हा नाकारणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते तिप्पट बिल येईपर्यंत निवृत्त झालेले असतात.

इथवर सगळं सरळ आहे. लवचीक इमारत चांगली, ताठर इमारत वाईट. माझा खरा वाद पुढे सुरू होतो. ही लवचीकता कोणाच्या हातात, हा प्रश्न आराखड्यात कुठेच लिहिलेला नसतो.

अमेरिकेतल्या हर्मन मिलर या फर्निचर कंपनीत रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाचे एक कल्पक गृहस्थ होते. एकाच मापाच्या टेबलांच्या ओळीत दिवसभर मान मोडून बसणारा कारकून पाहून त्यांना वाईट वाटे. काम करणाऱ्यानं आपली जागा आपल्या कामाप्रमाणे मांडावी, कधी उभं राहून काम करावं, कधी आडोसा घ्यावा, कधी उघडं बसावं, या हेतूनं त्यांनी १९६४ साली 'ॲक्शन ऑफिस' बाजारात आणलं आणि १९६८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती. हलके, जोडता-सोडता येणारे पडदे. कल्पना माणसाच्या मुक्ततेची होती. कंपन्यांनी तिच्यात दुसरंच काही पाहिलं. हेच पडदे काटकोनात बसवले तर तेवढ्याच जागेत दीडपट माणसं मावतात. शिवाय भिंत म्हणजे इमारत, पण पडदा म्हणजे फर्निचर, आणि अमेरिकी करकायद्यात फर्निचरचा घसारा इमारतीपेक्षा कितीतरी लवकर मिळे. झालं. प्रॉप्स्टच्या मोकळ्या मांडणीचं मधमाश्यांच्या पोळ्यात रूपांतर झालं. जगभर ज्याला क्युबिकल म्हणतात ते हेच. २००० साली वारलेल्या प्रॉप्स्ट यांना अखेरच्या काळात या पोळ्यांचा उबग आला होता.

मग पोळी मोडली आणि पडदेही गेले. आता लांबच लांब टेबलं आली, समोरासमोर माणसं. भिंती नसल्या की लोक एकमेकांशी बोलतील, बोलले की नवं काही सुचेल, असा सिद्धान्त. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या दोन अभ्यासकांनी दोन मोठ्या कंपन्यांत याचं मोजमाप करून २०१८ साली ते प्रसिद्ध केलं. मोकळ्या दालनात गेल्यावर माणसांचं समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं, आणि ईमेल वाढले होते. आपल्याला यात नवल वाटू नये. चाळीत वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं की सगळ्यांच्या कानावर पडेल अशा जागी माणूस मनातलं बोलत नाही. तो जिन्यात जाऊन बोलतो.

२०२० च्या महासाथीनंतर याचं पुढचं पाऊल पडलं. घरून काम करणारे आठवड्यातून दोन-तीन दिवसच येणार, मग प्रत्येकाला स्वतःचं टेबल कशाला? सकाळी या, फोनवर जागा नोंदवा, संध्याकाळी टेबल रिकामं करून जा. कागदोपत्री ही लवचीकतेची परिसीमा आहे. प्रत्यक्षात हललं कोण? इमारत तिथेच आहे, टेबलही स्क्रूनं पक्कं आहे, रोज हलतो तो माणूस. मुलाचा फोटो, गणपतीची छोटी मूर्ती, पाण्याची बाटली, पाठीला लागणारी उशी, सगळं पिशवीत घेऊन. धर्मशाळेत उतरल्यासारखा तो नोकरी करतो. आम्ही बदलीच्या गावी तीन-तीन वर्षांचा संसार मांडायचो आणि स्वतःला बिऱ्हाडकरू म्हणायचो. आमच्या मुलांचं बिऱ्हाड रोज संध्याकाळी उठतं.

याच संदर्भात मला कोशॅमच्या फॉस्टरचीच दुसरी इमारत आठवते. २०११ च्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्ज कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनो गावच्या नगर परिषदेपुढे ॲपलच्या नव्या मुख्यालयाचा आराखडा घेऊन स्वतः गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. २०१७ साली इमारत वापरात आली. चार मजली प्रचंड वर्तुळ, बारा हजार माणसांसाठी. जगातल्या सर्वांत मोठ्या वाकवलेल्या काचा तिथे बसवल्या आहेत आणि मधल्या अंगणात फळझाडं लावली आहेत. आतली जागा सारख्या मापाच्या कप्प्यांत विभागलेली असून आज कचेरी, उद्या प्रयोगशाळा असा त्यांचा वापर बदलता येतो. म्हणजे कोशॅमचा धडा फॉस्टर विसरले नव्हते.

पण वर्तुळाला शेवट नसतो, आणि जिथे शेवट नाही तिथे जोडायला जागाही नाही. कोशॅमच्या पेटीला एका बाजूनं आणखी चार खांब लावता आले असते. वर्तुळाला एक खोली जोडा, ते वर्तुळ राहत नाही. ती इमारत मी बांधकाम म्हणून कमी लेखत नाही, ती अद्‌भुतच आहे. मात्र जी कंपनी दर वर्षी नवा फोन काढते आणि जुना मोडीत काढायला लावते, तिनं स्वतःसाठी जराही बदल न सोसणारा आकार निवडावा, यात मला मोठी विसंगती दिसते. सुरुवातीच्या महिन्यांत तिथली काही माणसं पारदर्शक काचांवर आदळून जखमी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. काचेवर साध्या चिठ्ठ्या चिकटवून माणूस आपली सोय करू बघतो, आणि इमारतीच्या सौंदर्याला तेवढंही सोसत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतली 'बिल्डिंग ट्वेंटी' होती. १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी घाईघाईनं ठोकलेली तीन मजली लाकडी बराक. युद्ध संपलं की सहा महिन्यांत पाडायची, असं ठरलेलं. ती पडली १९९८ मध्ये. पंचावन्न वर्षं तिच्यात कोण कोण राहून गेलं! नोम चॉम्स्कींचं भाषाशास्त्र तिथे वाढलं. एका बंगाली क्रांतिकारकाचा मुलगा अमर बोस तिथल्या ध्वनिशास्त्राच्या प्रयोगांत रमला. त्यानं पुढे काढलेल्या कंपनीचे स्पीकर आज कितीतरी घरांत वाजतात. जेरॉल्ड झकारायस यांना अणुघड्याळासाठी उंच नळकांडं उभं करायचं होतं. त्यांनी काय केलं? वरच्या दोन मजल्यांची जमीनच काढून टाकली. कुठल्या समितीकडे अर्ज गेला नाही. कळकट, उन्हाळ्यात तापणारी, थंडीत गारठणारी ती बराक. पण तिच्या भिंतीला भोक पाडताना कुणाचा हात थरथरत नसे. तिच्या जागी २००४ साली फ्रँक गेरी यांची नामांकित, वाकड्यातिकड्या भिंतींची इमारत आली, आणि २००७ मध्ये गळतीच्या तक्रारीवरून संस्थेला कोर्टात जावं लागलं. पुढे ते प्रकरण समेटानं मिटलं.

बिल्डिंग ट्वेंटीत मला माझ्या वादाचं उत्तर दिसतं. कोशॅममध्ये भिंत हलवता येत होती. बिल्डिंग ट्वेंटीत ती तिथे काम करणाऱ्यालाच हलवता येत होती. पहिली गोष्ट यंत्रशास्त्राची आहे, दुसरी अधिकाराची. आणि दुसरीशिवाय पहिली फुकट आहे. आपल्याकडचे लवचीक कचेऱ्यांचे आराखडे पहिलीवर कोट्यवधी खर्च करतात आणि दुसरीबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आपल्याला हे शिकायला परदेशीच जायला हवं असंही नाही. लोअर परळला जाऊन पाहा. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची घरघर लागली, आणि काही वर्षांनी त्यांच्या उरलेल्या शेडमधून जाहिरात कंपन्या, चित्रीकरणाचे स्टुडिओ, वाहिन्यांची कार्यालयं सुरू झाली. दूर दूर अंतरावरचे खांब, उंच छप्पर, वरून येणारा उत्तरेचा प्रकाश. सुताच्या धुळीत मागांसाठी बांधलेली जागा संगणकालाही मानवली. ती ज्यांच्या घामानं उभी राहिली त्या गिरणी कामगारांना मात्र त्या नव्या कामात जागा मिळाली नाही. इमारतीनं आपला धंदा सहज बदलला. पन्नाशीच्या साचेवाल्याला तो बदलता आला नाही, आणि त्याला मदत करणारा आराखडा कुणी काढला नाही. लवचीकतेचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते ती या आठवणीनं.

आज पुण्याभोवती हिंजवडीपासून चाकणपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सचे, वाहनांचे, संगणकाचे कारखाने आणि त्यांच्या कचेऱ्या उठत आहेत. त्या बांधणाऱ्यांना निवृत्त बँकवाल्याचं सांगणं फार मोठं नाही. छताला दोन फूट जास्त द्या. नळ आणि तारा अशा ठेवा की भिंत न फोडता बदलता येतील. कुणाचंही टेबल खिडकीपासून इतकं दूर ठेवू नका की पाऊस पडतोय की नाही हे त्याला फोनवर बघावं लागेल. इमारतीचं एक टोक मोकळं सोडा, उद्या तिथे काय लागेल हे आज कुणालाच ठाऊक नाही. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं भाग पडलं. त्या वेळी ज्यांच्याकडे असं मोकळं टोक होतं त्यांनी तिथे पाळणे टांगले. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांची शोधाशोध जिन्याखालच्या कोठीपाशी येऊन थांबली.

आणि शेवटची गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही. आराखडा संचालकांपुढे जाण्याआधी तो तिथे बसणाऱ्या माणसांपुढे ठेवा. जुळणीच्या ओळीवरचा फोरमन, हिशेबनीस, रात्रपाळीचा पहारेकरी, झाडलोट करणारी बाई. कोणता दरवाजा कुठे हवा हे यांच्याइतकं कुणाला कळत नाही. जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात सत्तरीच्या दशकात कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींनी मोकळ्या दालनांविरुद्ध आवाज उठवला आणि माणसाला खिडकीजवळची जागा मिळवून दिली. तिथल्या कचेऱ्यांचे आकार त्यामुळे बदलले. कारखानदारी काही त्यानं बुडाली नाही.

आज रविवार आहे. तुमच्यापैकी अनेकांची मुलं-सुना, जावई-लेकी अशाच एखाद्या चकचकीत इमारतीत कामाला असतील आणि आत्ता घरात असतील. तिथला पगार किती, हे आपण त्यांना विचारून झालेलं असतं. एकदा हेही विचारा, की तुझ्या कचेरीत तुला तुझं टेबल दोन हात सरकवायचं असेल, तर कोणाची परवानगी लागते? उत्तर ऐकलंत, की ती इमारत कितपत आधुनिक आहे हे तुम्हाला कळेल.